बैठ्या घराचा श्वास

"मागे सरका, मागे! घराला धाप लागलीय!"

घरवैद्य एवढं म्हणाले आणि पन्नास-साठ माणसं झटकन मागे सरली. एक आजोबा तेवढ्यात खोकले आणि घराकडे बघून "सॉरी" म्हणाले.

हसू येतंय ना? मीही त्या गर्दीत होतो. मला नव्हतं आलं.

रविवार सकाळचे दहा वाजले होते. बस जिथून वळून परत जाते, तिथे शहराच्या टोकाला बैठ्या घरांच्या चार रांगा आहेत. ना जिना, ना लिफ्ट. दार उघडलं की जमीन. आमच्यासाठी तो भाग नवा होता, ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पण आमच्या खिशाला परवडेल असं बैठं घर अख्ख्या शहरात तिथेच उरलं होतं. आणि तिथे घर घ्यायचं तर आधी घरवैद्यांना दाखवायचं, अशी पद्धतच पडून गेली होती.

घरवैद्य म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट, वर भरपूर खिशांचं जाकीट आणि गळ्यात स्टेथोस्कोप. खरा, डॉक्टरांचा असतो तसा. तो भिंतीला लावायचा, डोळे मिटायचे आणि "हं... हं..." करायचं. मग भाषण.

"घर म्हणजे काय? विटा? सिमेंट? छे! घर म्हणजे फुफ्फुस. दार म्हणजे नाक. खिडक्या म्हणजे कान."

"आणि मोरी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मोरी म्हणजे मोरी हो," घरवैद्य म्हणाले आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसले. हुशार माणूस. आपल्याबरोबर हसणाऱ्याचा आपल्याला संशय येत नाही.

फी? एक पैसा नाही. "घर माझी आई आहे. आईला तपासायचे पैसे घेतात का?" असं म्हटलं की बायका डोळे पुसायच्या. पैसेच घेत नाही म्हणजे फसवणार कशाला, हा आमचा सगळ्यांचा हिशोब. तिथेच आमची अक्कल गहाण पडली.

तपासणी अशी. सगळ्या खिडक्या बंद. खोलीच्या मधोमध फरशीवर एक साधी पांढरी मेणबत्ती. लोकांनी दारातून बघायचं. मेणबत्ती दहा मिनिटं टिकली तर घर श्वास घेतंय. आपोआप विझली तर घर मेलेलं. फुंकर नाही, वारा नाही, कुणी जवळही जात नाही. आणि खरंच काही घरांत ती विझायची. आपल्या डोळ्यांदेखत. अंगावर काटा यायचा.

त्या सकाळी पहिल्या रांगेतल्या एका घरात मेणबत्ती दहा मिनिटं जळली. टाळ्या पडल्या. मग सगळी वरात चौथ्या रांगेच्या शेवटच्या घरापाशी आली.

ते घर आम्ही घेणार होतो.

आम्ही म्हणजे मी, ताई आणि आई. आई तिथे नव्हती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आदल्या वर्षी आई जिन्यावरून पडली, कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, खुर्चीत बसवून चौघांनी तिला वर आणलं. त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सहा महिने हातात आहेत. रोज अर्धा तास सपाट जमिनीवर चालल्या तर चालतील. नाही तर पाय चालणं विसरतील." आमच्या खोलीत वॉकर घेऊन सात पावलं होतात. मग भिंत. मग वळा. वळताना तिचा तोल जायचा, म्हणून ती वळायलाच घाबरायची. म्हणजे सात पावलं आणि बस.

"मला काही महाल नको रे," ती म्हणायची. "दार उघडलं की रस्ता पाहिजे. मी चालत कोपऱ्यापर्यंत जाईन, भाजीवाल्याशी भांडेन आणि परत येईन. भांडून किती दिवस झाले!"

मी फरशी बसवतो. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. व्हिडिओ बघून, चुका करून, चार लोकांच्या शिव्या खाऊन शिकलो. त्यामुळे घर बघायला जाताना हत्यारांची पिशवी बरोबरच असते. ते घर मी पायापासून तपासलं होतं. लेव्हल लावली. फरशी ठोकून बघितली, कुठे पोकळ आवाज नाही. वॉकर सव्वीस इंच, मोरीचं दार तीस इंच. उंबऱ्याला उतार करायला मला अर्धा दिवस पुरला असता. घर होतं एका शिवणकाम करणाऱ्या मावशींचं. अकरा वर्षं राहिल्या होत्या, आता मुलाकडे जाणार होत्या. मी आईचं सांगितलं तर त्यांनी स्वतःहून किंमत कमी केली. म्हणाल्या, "माझ्या मागे या घरात कुणीतरी चालत असेल, एवढं पुरे."

सगळं ठरलं होतं. फक्त एजंट म्हणाला, "एकदा वैद्यांना दाखवून टाका. मनाची शांती." या एजंटला सगळे जुडगा म्हणायचे. कंबरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा, की माणसाआधी आवाज यायचा.

मला नको होतं. ताई म्हणाली, "अरे, फुकट आहे ना? दाखवू. काय बिघडतंय?"

मेणबत्ती पेटली. आम्ही दारात उभे. एक मिनिट. दोन. ताईने माझा दंड धरला. चौथ्या मिनिटाला ज्योत बारीक झाली, निळी झाली, एक धुराची रेघ वर गेली आणि संपलं.



घरवैद्यांनी भिंतीवर कान ठेवला. सावकाश मान हलवली. "वाईट वाटतं सांगायला. या घराला श्वास नाही. आणि ज्याच्याकडे नसतो ते दुसऱ्याचा घेतं. घरात मोठी बाई कोण?"

"आमची आई," ताई म्हणाली.

"वर्ष नाही काढणार."

मावशी धावत पुढे आल्या. "अहो, काय बोलताय? अकरा वर्षं मी इथे श्वास घेतेय! मी काय मेलेय?"

"तुम्हाला सवय झालीय, बाई," घरवैद्य प्रेमाने म्हणाले.

मी तेव्हा काय केलं सांगू? मावशी रडत होत्या, लोक घरवैद्यांभोवती गोळा झाले होते. आणि मी खाली बसून फरशीवरचं मेण खरवडत होतो. कामाची सवय. गरम मेण लगेच नाही काढलं तर डाग बसतो. पत्तीने मेण काढलं, मेणबत्ती उचलली आणि सगळं पिशवीत टाकलं. ज्या घरात आपण राहणार नाही त्या घराची फरशी मी साफ केली. मावशींकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून.

बाहेर ताई म्हणाली, "आईला यातलं काही सांगायचं नाही. धसका घेईल."

घरी येऊन मी सांगितलं, "आई, त्या घराचे कागद नीट नव्हते."

आई म्हणाली, "कागद नीट नसतील तर नको बाबा. दुसरं बघू." आणि वॉकर घेऊन उठली, सात पावलं चालली, भिंतीला हात लावला आणि तिथेच उभी राहिली.

दुसरं मिळालं नाही. सोपं आहे हो म्हणणं, दुसरं बघू. खालच्या मजल्यावरचं मिळायचं तर चार पायऱ्या असायच्या. पायऱ्या नसतील तर भाव ऐकूनच मागे फिरायला व्हायचं. जुडगा फोन करायचा, "आहे एक बैठं, वैद्यांनी बरं केलेलं. पण जरा महाग आहे." जरा म्हणजे आमच्या दुप्पट. असे पाच महिने गेले. आई रोज चालायची ती दिवसाआड चालायला लागली. मग आठवड्याला. डॉक्टरांचे सहा महिने संपले तो दिवस मला आठवतो, पण त्या दिवशी घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही.

त्यानंतर एका दुपारी आई म्हणाली, "कपाटाचा खण अडकतोय रे. जरा मेण दे कडेला लावायला."

मी पिशवीत हात घातला. ती मेणबत्ती अजून तिथेच होती. दिली.

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगायला हवी होती. पण मलाच ती त्या रविवारी आठवली नव्हती. माझी आई एकतीस वर्षं मेणबत्तीच्या कारखान्यात होती. साच्यात वात ओवायची. आमच्या लेखी त्या नोकरीचा अर्थ एवढाच, की लाइट गेली की घरात तुकड्यांना तोटा नसायचा. आईला त्यातलं काही *कळतं*, असं मनातच आलं नव्हतं कधी.

तिने खणाला मेण लावलंच नाही. मेणबत्ती डोळ्यांजवळ नेली, बोटांत फिरवली.

"ही कुठून आणलीस?"

"का गं?"

"विझलेल्या मेणबत्तीला वात दिसते वर. काळी. हिची कुठाय?" तिने केसातली पिन काढली आणि वरून मेण उकरायला लागली. नखभर खाली गेल्यावर वात लागली. "हे बघ. पांढरी. जळालेली वात काळी असते. ही जळालेली नाहीये, कापलीय." मग मेणबत्तीची बाजू माझ्यासमोर धरली. तिथे मसुरीच्या दाण्याएवढा मळकट डाग होता. "इथून भोक पाडलं, मधली वात तोडून काढली आणि वर मेण फासलं. वरची वात जळून संपली की खाली ज्योतीला धरायला काही नाही. विझणार. चारेक मिनिटांत. आमच्याकडे वात तुटलेला माल निघाला की मुकादम आमच्या अंगावर ओरडायचा. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. कशाला रे? विझणारी मेणबत्ती कुणाला हवी असेल?"

मी सगळं सांगितलं. घर, मावशी, धाप, "वर्ष नाही काढणार".

सगळं ऐकून आई एवढंच म्हणाली, "कागद नीट नव्हते म्हणालास."

"तू घाबरशील म्हणून..."

"मी? उकळत्या मेणाशेजारी एकतीस वर्षं उभी राहिले मी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला विचारायचंस ना रे. माझ्याचसाठी घर बघत होतात ना?"

ताई संध्याकाळी आली. तिलाही आईने मेणबत्ती दाखवली. ताई भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "फुकट होतं म्हणून मी..."

पुढच्याच रविवारी मी परत तिथे गेलो. गर्दी तीच, स्टेथोस्कोप तोच, "दार म्हणजे नाक" तेच. घर एका ट्रक ड्रायव्हरचं होतं. नोकरी दुसरीकडे लागली होती, विकायचं होतं. जुडगा दाराशी. मेणबत्ती पेटली. मी आईला व्हिडिओ कॉल लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन वर धरला.

चौथ्या मिनिटाला मेणबत्ती विझली. लोकांच्या तोंडून "अरेरे" निघालं. ड्रायव्हरने डोक्याला हात लावला.

"नमस्कार, वैद्यबुवा," फोनमधून आई म्हणाली. "मी तिसऱ्या मजल्यावर राहते. उतरता येत नाही म्हणून फोनवरून येतेय."

घरवैद्य दचकले. मग हसले. "बाई, एवढ्या लांबून तुम्हाला घराचा श्वास काय कळणार?"

"घराचा नाही कळत हो. मेणबत्तीचा कळतो. ती मेणबत्ती जरा उलटी करा. खालचं टोक वर घ्या, वात मोकळी करा आणि पेटवा."

"मेलेल्या मेणबत्तीला हात लावायचा नसतो! लावेल त्याला..."

"काय होईल त्याला?" ड्रायव्हर म्हणाला. उंच माणूस, चौकटीला डोकं लागत होतं. "माझं घर गेलंच आहे. आणखी काय जाणारे?" तो आत गेला, मेणबत्ती उचलली, तळाचं मेण नखाने खरवडलं, वात वर काढली आणि काडी ओढली.

पेटली.

खिडक्या बंदच होत्या. आईने मुद्दाम सांगितलं होतं, काही उघडू नका. दोन मिनिटं झाली. पाच. दहा. त्या दिवशी "सॉरी" म्हणणारे आजोबा घड्याळ घेऊन मोठ्याने मोजत होते. पंधराव्या मिनिटाला त्यांनी मोजणं सोडलं.

"जळतेय का अजून?" आईने विचारलं.

"जळतेय!" सगळे एकदम.

"मग घरही जिवंत आहे. तेच घर, तीच हवा, तीच मेणबत्ती. फक्त डोकं खाली, पाय वर. आता त्यांचे खिसे बघा. एका बाजूच्या मेणबत्त्यांवर डाग असेल, दुसऱ्या बाजूच्यांवर नसेल."

तसंच निघालं. डाव्या खिशातली एकेक मेणबत्ती ड्रायव्हरने डागापाशी मोडून दाखवली. प्रत्येकीत वात तुटलेली. उजव्या खिशातल्या सगळ्या धडधाकट. कुठलं घर मरणार, हे कुठल्या खिशात हात जातो त्यावर ठरत होतं.

"जिथे विज्ञान संपतं तिथे माझं शास्त्र..." घरवैद्यांनी सुरुवात केली.

"अहो, विज्ञान सोडा," आई म्हणाली. "कापायला कात्री कुठली वापरता? वात कुरतडल्यासारखी तुटलीय. बोथट आहे ती."

लोक हसले. पहिल्यांदा त्याच्याबरोबर नाही, त्याला हसले.

जुडगा कुठे दिसेना. चाव्या मुठीत धरून, आवाज न करता पसार झाला होता. मग एकेक जण बोलायला लागला आणि सगळा धंदा उघडा पडला. दोन वर्षांत सात घरं "मेली". सातही पडेल भावात विकली गेली. सातही जुडग्याच्या मेहुण्याने घेतली. मग भिंतीत वीतभर प्लॅस्टिकचा पाईप बसवायचा, त्याला "नाकपुडी" म्हणायचं, उजव्या खिशातली मेणबत्ती लावायची आणि घर दुप्पट किमतीला विकायचं. घरवैद्य फी घेत नव्हते, हे खरंच होतं. त्यांचा वाटा मेहुण्याकडून यायचा.

ड्रायव्हरचं घर वाचलं. आता सगळे विचारतात, आईने चमत्काराचं बिंग फोडलं, मग आनंद नाही झाला?

मी तिथून चौथ्या रांगेच्या शेवटच्या घरी गेलो. दार एका बाईने उघडलं, कडेवर लहान पोर. भिंतीत पाईप. कर्ज काढून, आमच्या किमतीच्या दुप्पट देऊन घेतलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती पाईपकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे इतके दिवस उगाचच डास येत होते?" आणि हसता हसता रडायला लागली. तिच्यामागे माझीच घासलेली फरशी दिसत होती. त्यावर तिचा मोठा मुलगा पळत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बावीस पावलं. मी मोजली.

शिवणवाल्या मावशींना फोन केला, माफी मागायला. त्यांना पडेल भावात विकावं लागलं होतं. मुलाच्या एका खोलीत शिलाई मशीन मावत नाही म्हणून तीही विकली. म्हणाल्या, "खरं सांगू? शेवटी शेवटी मी दार उघडं टाकून झोपायचे रे. अकरा वर्षं राहिलेल्या घरात माझाच जीव गुदमरायचा. तुझी आई चालते का आता?"

मी फोन ठेवून दिला.

गेल्या महिन्यात डॉक्टर घरी आले. आईच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, गुडघे वाकवले. आई म्हणाली, "आता खालचं घर मिळालं तर, डॉक्टर?" त्यांनी तिच्याकडे न बघता कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "खुर्चीतून फिरवता येईल." आई म्हणाली, "खुर्चीतूनही भांडता येतं हो भाजीवाल्याशी." आम्ही सगळे हसलो. ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

घरवैद्यांवर तक्रार झालीय. आठ दिवस आत होते, मग सुटले. ऐकलंय की दुसऱ्या एका शहराच्या टोकाला, नव्या वस्तीत, कुणीतरी घरांना स्टेथोस्कोप लावतंय.

म्हणून सांगतो. तुम्ही घर शोधत असाल, थकला असाल, परवडेल असं एकच दार उरलं असेल आणि कुणी म्हणालं की या घरात काहीतरी आहे, तर तिथून पळू नका. विचारा. काय आहे, कशावरून, परत करून दाखवा, माझ्या हाताने करू द्या. खऱ्या गोष्टीला दुसऱ्यांदा तपासलेलं चालतं. फुकट आहे म्हणून विश्वास ठेवू नका. विझणाऱ्या ज्योतीकडे सगळेच बघतात, वातीकडे बघा.

आणि ज्याच्यासाठी घर घेताय, त्याच्यापासून काही लपवू नका. आई घाबरेल म्हणून गप्प बसलो, असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं आहे ते. घाबरलो मी होतो. ती घाबरली नसती. तिने हात पुढे केला असता आणि म्हणाली असती, "बघू इकडे."